‘रक्तातच आहे’ असं लिहिण्याआधी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जंत होणं जर रक्तातच असेल तर आपण पाड्यापाड्यांवर गोळ्या वाटत कशाला हिंडायचं, असं विचारतेस. राग आला मला. तुझा नव्हे, प्रश्नाचा. याच प्रश्नाचं उत्तर मी एकदा देऊन बसलो होतो, तेही चुकीचं.

तू वाचलास तो अभ्यास खोटा नाही. पूर्व नेपाळातल्या जिरेल समाजाची बाराशेंवर माणसं, सगळी एकाच वंशावळीत गुंफलेली. कुणाच्या पोटात गोलकृमी, म्हणजे लांब गोल जंत, किती, यातल्या फरकाचा 30 ते 50 टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. एका घरात राहण्याचा पुष्कळच कमी. 2002 मध्ये पहिल्या आणि तेराव्या गुणसूत्रावर त्याच्या खुणाही सापडल्या. ज्यांना आधी जास्त जंत होते, गोळीनंतर त्यांनाच पुन्हा जास्त होतात, हे मीही पाहिलंय.

पण ‘फरकाचा वाटा’ हे शब्द नीट वाच ना! अख्खं गाव एकाच घाणीतून चालत असेल, तर घाणीमुळे माणसामाणसांत फरक पडेल कसा? उरेल तो फरक रक्तातलाच दिसणार. जंताचं अंडं तोंडात गेल्याशिवाय कुठल्याही गुणसूत्रातून गोलकृमी निघत नाही. जपानात 1949 च्या सुमारास 60 टक्क्यांहून जास्त लोकांना गोलकृमी होते. शेतात मैल्याचं खत पडायचं. शाळाशाळांतून तपासण्या झाल्या, औषधं दिली, खत बदललं, आणि काही दशकांत जंत जवळपास गेले. माणसं तीच होती.

म्हणून म्हणतो, आधी घरी जा.

माझ्या पाड्यावर एक घर होतं. चार पोरं, गोळी दिली की सहा महिन्यांत पुन्हा तेच. मी वहीत लिहिलं, ‘घराण्यातच आहे’, आणि जाणं सोडलं. थोरली वर्गात झोपायची. तिला मी आळशी म्हणालो. आकडेकृमी, म्हणजे अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारे दुसरे जंत, तिच्या आतड्यातून रोज रक्त पीत होते, आणि मी, शिकलेला माणूस, तिला आळशी म्हणालो. दोन वर्षांनी भर पावसात दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो. घर उताराच्या तळाशी. सगळा पाडा वर परसाकडे जायचा आणि ते पाणी यांच्या अंगणातून वाहायचं. त्याच चिखलात पोरं अनवाणी.

तेव्हा माझ्याकडे बावीस पाडे होते, एक सायकल होती, वरून आकडे मागणारी पत्रं यायची. खरंच वेळ नव्हता. पण वहीत ते दोन शब्द लिहायला वेळ होता.

त्या घराच्या रक्तातही काही असेल. असू दे. त्यांना गोळी जास्त वेळा द्यावी लागेल, एवढंच त्यातून निघतं. संडास नको, असं नाही निघत. आणि ते रक्तात आहे की अंगणात, हे टेबलाशी बसून कळत नाही. घरी जा, पोरी. किती वेळा सांगू?

तुझ्या यादीत ज्या घरापुढे ‘आनुवंशिक?’ लिहिलंयस, तिथे शनिवारी दोघं जाऊ. पाऊस असला तर बरंच, पाणी कुठून येतं ते दिसेल.

तुझा,
सर