जुन्या कपड्यांची पहिली खरेदी

प्रश्न : सेकंडहँड बाजारातून ३८ नंबरचा लोकरी कोट आणि जीन्स घेतली. कोट खांद्यात आखडतो, त्याचा डांबरगोळ्यांचा वास जात नाही आणि जीन्स गुडघ्यावर फुगते. चुकलं कुठे?

उत्तर : नंबरावर विसंबलात, तिथेच. ३८ चं माप कंपनीगणिक बदलतं, शिवाय जुना कपडा धुण्यात आटलेलाही असतो. पुढच्या वेळी टेप न्या. नीट बसणारा घरचा कोट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजून ठेवा; दुकानातलाही तसाच मोजा. बाहीची लांबी, कंबर शिंपी सहज कमी करतो. खांद्याला हात लावायचा तर बाही उसवावी लागते, अस्तरही. मजुरी कोटाच्या किमतीवर जाते. तेव्हा हा कोट कुणाला तरी देऊन टाकलेलाच बरा.

देण्याआधी तो उलटा करून सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर टांगा. अत्तर फवारू नका, एकाचे दोन वास होतात! गरम पाणी तर मुळीच नको. लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. घेतानाच कापड उजेडासमोर धरलं की कसरीची बारीक भोकं दिसतात. कॉलरखाली आणि खिशांच्या घडीत आधी बघा.

जीन्समधलं इलॅस्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा लवचीक धागा, मेलंय; त्याला इलाज नाही. पुढची घेताना गुडघ्याशी कापड ताणून सोडायचं. लाटा राहिल्या तर जीन्स परत ठेवायची. चेनही दोनदा वरखाली करा. लावल्यावर मागून उघडत असेल तर बहुधा रनर, म्हणजे वरखाली सरकणारा तुकडा, झिजलेला असतो, तो बदलता येतो. दात तुटला असेल तर अख्खी चेनच नवी.