नॉर्वेत नाताळात लागणारा १९७३चा सिंड्रेलाचा चित्रपट मुलीला कोणत्या भाषेत दाखवू? तिथे म्हणे सगळ्यांचे आवाज एकच माणूस काढतो. मूळ चेक बघावा की जर्मन?

नॉर्वेजियनच दाखवा. का ते सांगते, जरा लांबेल.

आम्ही स्टाव्हांगरला आलो त्या वर्षी शेजारच्या आजींनी २४ डिसेंबरला सकाळीच बोलावलं. शेगडीवर दूध-तांदूळ रटरटत होते. आपल्या खिरीसारखंच, पण वर लोण्याचा गोळा आणि दालचिनी-साखर. टीव्हीवर हा चित्रपट. मला भाषेचा गंध नाही. राजपुत्र बोलला, भारदस्त पुरुषी आवाज. सिंड्रेला बोलली, तोच आवाज. सावत्र आई खेकसली, तरी तोच! आणि त्याच्याखाली चेक बोलणं पुटपुटल्यासारखं चालू. मला वाटलं टीव्ही बिघडलाय. बघते तर आजी डाव फिरवता फिरवता त्या आवाजाबरोबर वाक्यं म्हणतायत. सिंड्रेला राजपुत्राला कोडं घालते तिथे मात्र डाव थांबला. दूध खाली लागलं.

तो आवाज क्नुत रिसान या नटाचा. एनआरके, म्हणजे नॉर्वेची सरकारी वाहिनी, १९७५पासून हेच दाखवतंय. आपल्याकडे कीर्तनात बुवा उपरणं डोक्यावरून घेतात की सीता, खांद्यावर टाकतात की रावण. सीतेचा आवाज बायकी का नाही, असं कुणी विचारतं का?

आमचे भावजी विचारतात. ते जर्मनीत ड्रेस्डेनला असतात. ज्या मोरिट्सबुर्गच्या वाड्यात चित्रीकरण झालं तो त्यांच्या घराजवळ, त्यामुळे चित्रपट जणू त्यांच्या मालकीचा. दर नाताळात फोन: "वहिनी, ते स्वस्तातलं डबिंग काय बघता? मूळ बघा मूळ."

कुठलं मूळ हो? चित्रपट चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीने मिळून काढला. राजा झालेला रोल्फ होप्पे जर्मन, सिंड्रेला झालेली लिबुशे शाफ्रान्कोवा चेक. सेटवर ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलायचं, मग दोन्हीकडे समोरच्यांचं डबिंग. राजपुत्र पावेल त्राव्हनिचेक तर चेकच, पण बोलण्यात मोराव्हियाकडचा हेल, म्हणून चेक आवृत्तीतही त्याला पेत्र स्वोयत्काचा आवाज दिला. म्हणजे कोकणातला नट घ्यायचा आणि बोलायला पुण्याचा बसवायचा. भावजींच्या 'मूळ' चित्रपटात राजपुत्रच उसन्या आवाजात बोलतो! आमचा रिसान निदान लपवत तरी नाही.

हां, तुम्ही नॉर्वेत राहत नसाल आणि मुलीला नॉर्वेजियन येत नसेल, तर वरच्या सगळ्याचा काही उपयोग नाही. मग चेक लावा, आवाज बारीक करा आणि शेजारी बसून मराठीत सांगत जा. सगळ्यांचे आवाज तुम्हीच काढा. गाण्याला मात्र गप्प बसा. चेकमध्ये ते कारेल गॉट गातो, जर्मनमध्ये त्या चालीवर नुसती वाद्यं आहेत.

भावजी, वाचत असाल तर हे शेवटचं तुमच्यासाठी.