एसीच्या कामानंतर इंजिन तापलं. भरपाई गॅरेजकडून मागता येईल का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे, रनिंग लाखाच्या आसपास. नाशिकमधल्या एका गॅरेजात एसीचा कंडेन्सर बदलून घेतला. १४,५०० रुपये यूपीआयने दिले. पक्कं बिल दिलं नाही, कामाची हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे. गाडी ताब्यात घेतल्यापासून हायवेला एसी गार लागायचा, पण सिग्नलला थांबलं की कोमट वारा यायचा. चौथ्या दिवशी कल्याणहून परतताना कसारा घाटातल्या कोंडीत तापमानाचा काटा लालमध्ये गेला. पुढे दोनेक किलोमीटरवर ढाबा होता, तिथपर्यंत कशीबशी नेली आणि गाडी बंद पडली. टोचन करून दुसऱ्या गॅरेजला आणली. तिथले मेस्त्री म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) उडालंय, ३२,००० रुपये खर्च येईल. रेडिएटर फॅनचा कनेक्टर सुटलेला दिसतोय, पण ‘एकाच लायनीतले आहोत, लिहून देणार नाही’. पहिले गॅरेजवाले म्हणतात, ‘आम्ही एसीचं काम केलं, इंजिनला हात लावला नाही. गाडी जुनी झाली.’ पुढच्या बंपरवर नवे ओरखडे आहेत आणि मागच्या डाव्या दाराची पॉवर विंडोही तेव्हापासून बंद आहे. या सगळ्याची भरपाई मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे वाचून झाल्यावर लगेच दुसऱ्या गॅरेजला फोन करा आणि हेड उतरवू नका, फॅनच्या कनेक्टरला हात लावू नका, असं सांगा. तुमची बाजू आज त्या बॉनेटखाली आहे. मेस्त्रींनी कनेक्टर बसवून, हेड खोलून काम सुरू केलं की उरतो तो फक्त तुमचा शब्द विरुद्ध पहिल्या गॅरेजचा शब्द. अशा तक्रारी बहुतेक वेळा इथेच मार खातात. गाडीची सगळ्यांना घाई असते, दुरुस्ती आधी होते आणि वकिलाकडे माणूस नंतर येतो.

आता मूळ मुद्दा. गॅरेजातून आणल्यावर बिघाड झाला म्हणजे गॅरेजमुळे झाला, हे कायदा गृहीत धरत नाही. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘एसजीएस इंडिया वि. डॉल्फिन इंटरनॅशनल’ या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे त्यांनी नेमकं काय खोललं आणि त्यातून हाच बिघाड कसा उद्भवतो, याची साखळी तुम्हाला दाखवावी लागेल.

तुमच्या बाबतीत ती साखळी चांगली जुळते. एसीचा गॅस गार करणारा कंडेन्सर इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढ्यात असतो. तो बदलताना बंपर काढावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटर व फॅनही सैल करावा लागतो. दोघांतून हवा खेचायचं काम तोच फॅन करतो. म्हणजे ‘इंजिनला हात लावला नाही’ हे खरं असेलही, पण इंजिन गार ठेवणाऱ्या व्यवस्थेजवळच त्यांचा हात होता.

तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं : हायवेला एसी गार, सिग्नलला कोमट. गाडी वेगात असताना समोरून वारा मिळतो, फॅनवाचून भागतं. गाडी थांबली की सगळी भिस्त फॅनवर. फॅन पहिल्या दिवसापासून फिरत नव्हता, याची ही खूण आहे. कल्याणला जाताना गाडी का तापली नाही आणि येताना चढणीवर, कोंडीत का तापली, याचंही उत्तर त्यातच आहे. शिवाय एसीत गॅस भरल्यावर इंजिन चालू ठेवून प्रेशर बघतात. त्या वेळी फॅन फिरतोय का हे पाहणं एसीच्या कामातच मोडतं. त्या तीन-चार दिवसांत ‘एसी नीट लागत नाही’ असा मेसेज तुम्ही त्यांना किंवा घरच्या कुणाला केला असेल, तर तो जपून ठेवा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं असतं. ते तुमचे वकील तयार करतील.

समोरची बाजू काय म्हणेल, तेही सांगतो. फॅनची मोटर वयाने जळते, फ्यूज उडतो, थर्मोस्टॅट अडकतो, वॉटर पंप गळतो. यातलं काही निघालं तर ‘गाडी जुनी झाली’ या म्हणण्यात दम आहे. म्हणून तपासणीत फक्त कनेक्टर बघून थांबू नका. कनेक्टर जोडल्यावर किंवा थेट बॅटरीचा करंट दिल्यावर मोटर फिरते का, फ्यूज शाबूत आहे का, पंप आणि होज कोरडे आहेत का, हे सगळं पाहिलं जाऊ दे. मोटर धडधाकट आणि कनेक्टर मात्र सुटलेला, असं आढळलं तर तो माणसाच्या हाताचा दोष ठरतो. मोटरच जळालेली निघाली, तर इंजिनाच्या भरपाईचा दावा लढवा असं मी सांगणार नाही.

ही तपासणी दोघांसमोर व्हायला हवी. पहिल्या गॅरेजला स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर नोटीस द्या : अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी गाडी तपासली जाईल, हजर राहा. सात दिवसांची मुदत पुरे. आले तर उत्तम, न आले तर त्यांचं न येणं नोंदवलं जाईल. पण ‘गाडी आमच्याकडे आणा, बघून देतो’ यावर विश्वासून चावी त्यांच्या हाती देऊ नका. मेस्त्रींच्या नकाराने खचू नका. त्यांनाही त्याच बाजारात धंदा करायचा आहे. विमा सर्वेक्षकाचा परवाना असलेला मोटर सर्व्हेअर किंवा सरकारी तंत्रनिकेतनातल्या ऑटोमोबाइल विभागाचे शिक्षक यांचा लेखी अहवाल ग्राहक आयोगासमोर जास्त वजनदार ठरतो. मेस्त्रींकडून फक्त गाडी कधी, कशी आली एवढी नोंद आणि खर्चाचं अंदाजपत्रक घ्या.

ढाब्यापर्यंत नेलेल्या त्या दोन किलोमीटरचं काय? इथे तुमची बाजू लंगडी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काटा लालमध्ये गेल्यावर इंजिन बंद करणं अपेक्षित असतं. करार अधिनियम, १८७२ चं कलम ७३ सांगतं की नुकसान मोजताना ते टाळण्याचे उपाय हाताशी होते का, हेही पाहायचं. घाटातल्या कोंडीत, अरुंद जागी गाडी थांबवणं धोक्याचं होतं, हे तुम्ही शपथपत्रात खरेपणाने लिहू शकता. तरी आयोग रक्कम काही प्रमाणात कमी करू शकतो. जुन्या इंजिनाला नवे भाग बसतात म्हणूनही थोडी वजावट होऊ शकते. म्हणून ३२,००० रुपये पूर्ण मिळतीलच, असं मनात धरून बसू नका.

बंपरच्या ओरखड्यांचा हिशेब निराळा. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली की करार अधिनियमाच्याच कलम १५१ प्रमाणे त्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची असते. ताब्यात असताना नुकसान झालं तर आपण काळजी घेतली होती हे त्यानेच दाखवायचं. मात्र गाडी देताना बंपर स्वच्छ होता, हे दाखवणारा फोटो शोधा. पॉवर विंडो सोडून द्या. त्या दाराला कुणी हात लावल्याची काहीच खूण तुमच्या पत्रात नाही. तक्रारीत अशी कच्ची मागणी घातली की पक्की मागणीही संशयात येते, हे मी आयोगासमोर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बिल नाही म्हणून घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद यांवरून तुम्ही ग्राहक ठरता. ‘कामानंतर जबाबदारी नाही’ असा शिक्का चिठ्ठीवर असला, तरी तेवढ्याने दावा संपत नाही. गाडी भाड्याने किंवा धंद्यासाठी चालवत असाल तर मात्र आधी वकिलाला तसं सांगा, कारण ग्राहकाच्या व्याख्येत त्याने फरक पडतो. पोलिसांत जाण्यासारखं यात काही दिसत नाही. निष्काळजीपणा आणि फसवणूक या वेगळ्या गोष्टी आहेत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, कधीकधी तेवढ्यावर मिटतं. नाहीतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तुम्ही गॅरेजला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. खर्च, टोचनचं भाडं, सर्व्हेअरची फी, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असं वेगवेगळं मागा.

तपासणीत कनेक्टरचा दोष निघाला की गॅरेजवाले बहुधा ‘मजुरी आमची, पार्ट तुमचे’ अशा बोलीवर येतील. वाईट प्रस्ताव नाही, पण निम्म्याहून कमी खर्च उचलत असतील तर घाई करू नका. रक्कम, काम कोणत्या गॅरेजात होणार आणि हेडच्या कामाची किमान सहा महिन्यांची हमी, हे सहीनिशी कागदावर आल्याखेरीज हेड खोलायला परवानगी देऊ नका.