थंडीतला खोकला, बंबाचा धूर आणि पंपाची भीती

प्रश्न : माझ्या सासूबाई 62 वर्षांच्या आहेत. आम्ही खटाव तालुक्यात राहतो. गेली तीन-चार वर्षं दिवाळी झाली की त्यांना खोकला लागतो, तो होळीपर्यंत हटत नाही. सकाळी उठल्यावर बराच वेळ बेडके पडतात. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढलेली नाही. दर थंडीत इंजेक्शन, गोळ्या, खोकल्याची बाटली चालूच असते. यंदा एका डॉक्टरांनी ‘क्रॉनिक ब्राँकायटिस’ सांगून तोंडानं औषध ओढायचा पंप (इनहेलर) दिला. पण ‘एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही’ असं शेजारणी म्हणतात, म्हणून तो डबीतच पडून आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक खात्री करून घ्या. बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला आहे ना? खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की ही तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

क्षयरोग निघाला नाही तर तुम्ही लिहिलंय ते दुखणं माझ्या ओळखीचं आहे. वर्षातून किमान तीन महिने कफाचा खोकला, तोही लागोपाठ दोन वर्षं, आणि दुसरं काही कारण सापडत नाही, याला आम्ही क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतो. श्वासनलिकांना आतून सूज राहते, कफ करणाऱ्या ग्रंथी वाढतात, आणि कफ वर ढकलणारी बारीक लव धुरानं निकामी होते. रात्रभर साठलेला कफ सकाळी खोकूनच काढावा लागतो.

विडी ओढली नाही हे खरं, पण धूर? माझ्याकडे अशा आजी आल्या की मी विचारते, घरात बंब कोण पेटवतं? सुनेनं उत्तर द्यायच्या आत आजीच म्हणतात, ‘मीच की.’ स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी परसात शेणी-चिपाडांवर तापतं, आणि पहाटे त्यापुढे वाकून फुंकणी मारायचं काम घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे असतं. त्याआधी तीस-चाळीस वर्षं चुलीवर भाकरी थापलेल्या असतात. मिश्रीची तंबाखू तव्यावर भाजतात तो धूर तर मोजलाच जात नाही. शिवाय रात्रीची मच्छर कॉइल : 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. तेव्हा कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा, आणि बंब पेटवणं त्यांच्याकडून काढून घ्या. मिश्रीही सुटली पाहिजे. त्यावर त्या चिडतील, तरी बोलाच. औषधाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

आता पंप. शेजारणींचं ऐकू नका, मी कळकळीनं सांगते. सवय लागावी असं त्यात काही नाही. धाप कमी करणारी साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एक गोळी चाळीस दाबांएवढी. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं थेट नळीत जातं. पुष्कळांना पंप रोज लागतो, कारण आजार रोज असतो. रक्तदाबाची गोळी रोज घेतो तसंच.

मात्र रोज कुणाला लागेल हे फुंकण्याच्या तपासणीवर, म्हणजे स्पायरोमेट्रीवर ठरतं. नळ्या अरुंद झाल्या आहेत की नुसता कफ आहे, हे त्यात कळतं. ती झाली नसेल तर करून घ्या.

बहुतेक वेळा घोटाळा होतो तो पंप ओढण्यात. दाबायचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्या. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकच दाब, सावकाश खोल श्वास, मग दहा आकडे होईपर्यंत रोखायचा. कॅप्सूलमधली पूड ओढायचा पंप असेल तर उलट, जोरात आणि पटकन ओढायचा. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं.

दर थंडीत अँटिबायोटिक नको. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला आणि धापही वाढली, तर डॉक्टर ठरवतील. कोरड्या खोकल्याची बाटली तर मुळीच देऊ नका, खोकला दबला की कफ आतच राहतो. त्याऐवजी सकाळी बसवून खोल श्वास घ्यायला सांगा आणि तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ करत जोरात सोडायला लावा. दोन-तीनदा असं केलं की कफ सुटतो. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्युमोनियाची लस डॉक्टरांना विचारून.

कफातून रक्त, उतरत जाणारं वजन, पायांवर सूज दिसली तर थांबू नका. ओठ निळसर झाले, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा गुंगी आली, तर त्याच घडीला मोठ्या दवाखान्यात न्या. एरवी पुढच्या तपासणीला जाताना पंप आणि जुन्या चिठ्ठ्या पिशवीत टाका, आणि सासूबाईंना डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवायला सांगा.