ब्यूटशायर या जुन्या स्कॉटिश मतदारसंघाला प्रत्येक संसदेत प्रतिनिधी का मिळत नसे?

याचे कारण इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या १७०७ च्या एकीकरणाच्या व्यवस्थेत आहे. स्कॉटलंडमध्ये काउंटी (जिल्ह्यासारखे विभाग) होत्या ३३, पण संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, त्यांना जागा मिळाल्या केवळ ३०; त्यामुळे सहा लहान काउंटींच्या तीन जोड्या लावून, जोडीतील एकीने एका संसदेसाठी आणि दुसरीने पुढच्या संसदेसाठी सदस्य निवडावा, असे ठरले. ब्यूट, अ‍ॅरन आणि कम्ब्रे या पश्चिमेकडील बेटांच्या ब्यूटशायरची जोडी थेट उत्तर टोकाच्या केथनेसशी लावली गेली, आणि माझ्या मते या वाटपातील सर्वांत अन्याय्य भाग हाच होता, कारण या दोन प्रदेशांना जोडणारा कोणताही समान हितसंबंध नव्हता. ज्या संसदेत पाळी नसे, तिच्या संपूर्ण कार्यकाळात त्या काउंटीला स्वतःचा प्रतिनिधीच नसे. त्यातही मताधिकार प्रामुख्याने राजाकडून थेट धारण केलेल्या जमिनीवर अवलंबून असल्याने मतदार मूठभर असत आणि ब्यूटच्या स्टुअर्ट घराण्याचे वजन निर्णायक ठरे.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने ही पाळीपद्धत संपवली व ब्यूटशायरला कायमची जागा दिली. पुढे १९१८ मध्ये हा मतदारसंघ ‘ब्यूट अँड नॉर्दर्न एअरशायर’मध्ये विलीन झाला.