बाप्पा होता तर थांबवलं का नाही?

प्रश्न : ताई, मी मूळचा किल्लारीकडचा, ९३ साली ८ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. धाकटी बहीण गेली, ३ वर्षांची. आजी म्हणायची मागल्या जन्माचं काहीतरी असेल. आता माझी मुलगी विचारते, बाप्पा होता तर त्याने थांबवलं का नाही? मूर्ती आणायची का यावरून दरवर्षी बायकोशी वाजतं ते वेगळंच. काय सांगू पोरीला?

उत्तर : दादा, हाच प्रश्न १७५५ साली युरोपला पडला होता. १ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा सण, पोर्तुगालच्या राजधानीतली, लिस्बनची चर्चं भरलेली आणि तेवढ्यात भूकंप, मग समुद्राच्या लाटा, मग आग. लाइब्निट्झ नावाचा जर्मन तत्त्वज्ञ आधीच सांगून गेलेला की शक्य होतं त्यातलं सगळ्यात चांगलं जग देवाने बनवलंय, त्यावर फ्रेंच लेखक व्हॉल्तेर भडकलाच, आईच्या छातीशी चिरडलेल्या लेकरांचा गुन्हा काय? रूसो या दुसऱ्या विचारवंताने त्याला सुनावलं, सहा-सात मजली घरं काही निसर्गाने बांधली नव्हती. मला हे निम्मंच पटतं. किल्लारीतही जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाने, म्हणजे मातीच्या जड छताने, पण बांधणाऱ्याला काय ठाऊक, तेव्हा सरकारी नकाशातसुद्धा तो भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्यात होता.

आजीचं म्हणणं अडाणीपणाचं नाही बरं का, वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ, ब्रह्मसूत्रंही तेच म्हणतात, देव पक्षपाती नाही की निर्दय नाही, ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. तर्काला बसतं. पण ३ वर्षांच्या पोरीपुढे ते मांडून बघा, जीभ उचलत नाही. आजीने स्वतःला सावरायला म्हटलं असेल, तुम्ही मुलीला ते देऊ नका, उद्या वर्गातल्या आजारी पोराकडे बघून तीही तेच म्हणेल.

तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, तरी ते म्हणाले बरं झालं देवा दिवाळं निघालं. माझ्याच्याने नाही म्हणवत. पण त्याच तुकोबांनी विठ्ठलाला तोंडावर शिव्याही घातल्यात, हे मला जवळचं वाटतं.

पोरीला सरळ सांगा, मलाही कळलेलं नाही, मीही विचारतोय. आणि तिला तिच्या आत्याचं नाव तरी माहितीये का? मूर्तीचं बायकोवर सोडा, आरतीच्या वेळी तुम्ही ओसरीवर बसलात तरी चालतंय.