क्लोरोप्लास्ट एका जातीचा, तरी सोमेई-योशिनो चेरी संकर कशी?

तुम्ही विचारलंय की जपानमधल्या सोमेई-योशिनो चेरीचा क्लोरोप्लास्ट जीनोम (म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांचा स्वतःचा सगळा डीएनए) एदोहिगान या चेरीच्या जातीशी जुळतो, मग तिला एदोहिगान आणि ओशिमा चेरीचा संकर का म्हणतात?

कारण क्लोरोप्लास्ट फक्त आजोळ सांगतो. चेरीत तो आईकडून येतो, परागातून नाही. एदोहिगान आई, ओशिमा बाप. बापाचा पत्ता केंद्रकातल्या डीएनएत शोधावा लागतो.

मी नागपूरचा, त्यामुळे मला हे मोसंबीवरून पटलं. मोसंबीच्या केंद्रकात संत्र्याच्या गोताचा वाटा मोठा, पण क्लोरोप्लास्ट पपनसाचा. नुसता तोच वाचला असता तर मोसंबीची रवानगी थेट पपनसाच्या घरी!

वाचण्याचं काम मात्र सोपं आहे. एमएस्सीला आम्ही द्रव नायट्रोजन ओतून खलात पानं कुटायचो. पान कोवळंच हवं. जून पानाचा अर्क तपकिरी, चिकट, पिपेटच्या टोकाला लोंबकळत राहतो. हिरव्या पेशीत क्लोरोप्लास्ट पुष्कळ आणि प्रत्येकात जीनोमच्या अनेक प्रती. म्हणून सगळा डीएनए सरसकट वाचायला दिला तरी क्लोरोप्लास्टचे तुकडे भरपूर सापडतात. ते जोडले की चेरीत साधारण १,५८,००० डीएनए-अक्षरांचं वर्तुळ मिळतं. त्यात सुमारे २६,००० अक्षरांचे दोन जुळे भाग, एकमेकांच्या उलट दिशेने लिहिलेले. तिथे बदल फार कमी. जवळच्या जाती वेगळ्या काढायच्या तर जनुकांच्या मधल्या पट्ट्या बघा.

खरी गोची पुढे आहे. चेरीच्या जाती आपसात सहज मिसळतात. संकराची लेक आणि तिच्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या बापाच्याच जातीशी संकर करत गेल्या, तर झाड दिसतं बापाच्या घराण्याचं आणि क्लोरोप्लास्ट निघतो परक्या आजीचा. त्यामुळे क्लोरोप्लास्टच्या वंशवृक्षात दोन जाती शेजारी बसल्या म्हणून त्यांना सख्ख्या बहिणी मानू नका. केंद्रकाचा वंशवृक्षही काढा, आणि दोन्ही जिथे जुळत नाहीत तिथेच थांबून बघा. मला तर तोच भाग सगळ्यात रंजक वाटतो.

नमुने घेताना एक सांभाळा. आपल्याकडे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, तशीच सोमेई-योशिनो कलमाने वाढवतात. म्हणून तिची दहा झाडं तपासली तरी नमुना एकच धरायचा. आणि पान वरच्या फांदीचं तोडा. खुंटाला फुटलेल्या फुटव्याचं आलं, तर भलत्याच झाडाचा जीनोम वाचत बसाल.